रफमध्ये गेलेला बॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचे दोन-तीन जोरदार पाऊस झाले की पुण्या-मुंबईकडच्या गोल्फ कोर्सवरचं रफ, म्हणजे बारीक कापलेल्या फेअरवेबाहेरचं उंच गवत, घोट्याच्या वर चढतं आणि त्याबरोबर आमच्याकडे येणारे प्रश्नही वाढतात. त्यांतले सारखे येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या सध्याच्या, म्हणजे २०२३पासून लागू असलेल्या नियमावलीप्रमाणे आहेत. क्लबचे लोकल रूल्स वेगळे असू शकतात. ते स्कोअरकार्डच्या मागे किंवा नोटीस बोर्डावर असतात आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत.

१. रफ नेमकं कुठून सुरू होतं? नियमात त्याची उंची दिली आहे का?

नाही. ‘रफ’ हा शब्द गोल्फर रोज वापरतात, पण नियमावलीत त्याची व्याख्याच नाही. नियमांच्या हिशेबाने कोर्सचे पाच भाग असतात: तुम्ही ज्या होलवर खेळताय त्याचा टीइंग एरिया (थोडक्यात टी, पहिला फटका मारायची जागा), बंकर (वाळूचे खड्डे), पेनल्टी एरिया (खुंट्यांनी दाखवलेली, बहुधा पाण्याची जागा), त्या होलचं पटिंग ग्रीन (खळग्याभोवतीचं अगदी बारीक गवत) आणि उरलेलं सगळं म्हणजे जनरल एरिया. फेअरवे आणि गुडघाभर गवत, दोन्ही जनरल एरियातच येतात. गवत किती कापलंय याने फरक पडतो तो मोजक्या ठिकाणी. त्यासाठी प्रश्न ११ आणि १२ पाहा.

२. बॉल शोधायला पाच मिनिटं मिळतात ना?

मिळायची, २०१८पर्यंत. २०१९पासून तीन मिनिटं. घड्याळ सुरू होतं ते तुम्ही किंवा तुमचा कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) शोधायला लागल्यावर, बॉल मारल्यापासून नाही. आगेवाला (बॉल कुठे पडतो ते पाहायला पुढे उभा केलेला माणूस) आधीच तिथे उभा असला, पण तो तुमचा कॅडी नसला, तर त्याने शोधलेला वेळ तुमच्या खात्यात धरत नाहीत. मागच्या ग्रुपला पुढे जाऊ देण्यासाठी शोध थांबवलात तर घड्याळही थांबतं.

तीन मिनिटं संपल्यावर बॉल सापडला तर तो हरवलेलाच. तोच मारलात तर तो चुकीचा बॉल ठरतो (प्रश्न ६). पण दोन मिनिटं पन्नास सेकंदांनी काट्यात बॉल दिसला आणि तुमचा आहे का हे पाहायला तिथवर पोचण्यात आणखी अर्धं मिनिट गेलं, तर चालतं. ओळख पटवायला वाजवी वेळ वेगळा मिळतो.

३. शोधताना गवत हाताने, पायाने, क्लबने (गोल्फच्या काठीने) बाजूला करता येतं का?

येतं. वाजवी शोधात गवत वाकवता येतं, झुडपं बाजूला सारता येतात आणि त्या भरात एखादी काडी तुटली तरी दंड नाही. त्यातून तुमची लाय (बॉल जसा पडलाय ती स्थिती) थोडी सुधारली तरीही नाही. ‘वाजवी’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. बॉल सापडेपर्यंत गवत चाळणं वाजवी आहे. सापडल्यावर भोवतालचा चौरस फूट तुडवून सपाट करणं वाजवी नाही, मग तोंडाने काहीही म्हणा. रफमधले नव्वद टक्के वाद इथेच होतात: शोधण्याची मोकळीक नियमाने दिली आहे, तीच वापरून लोक फटक्याची जागा तयार करतात. बॉल दिसला की ती मोकळीक संपते.

४. शोधता शोधता माझाच पाय लागून बॉल हलला. किती दंड?

शून्य. २०१९च्या आधी एक स्ट्रोक (एक जादा फटका) लागायचा. त्यामुळे लोक भिऊन जागेवर उभे राहायचे आणि शोधायचं काम कॅडीवर टाकायचे. आता बॉल मूळ जागी ठेवायचा. ती नक्की माहीत नसेल तर अंदाजाने ठरवायची.

तो ठेवायचा कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. बॉल गवताच्या बुडाशी होता आणि तुमच्या बुटाने वर आला, तर तो पुन्हा बुडाशीच ठेवायचा. गवताच्या शेंड्यावर अलगद ठेवून ‘रिप्लेस केला’ म्हणायचं नाही. शोध चालू नसताना बॉल हलवला तर नियम वेगळा, त्यासाठी प्रश्न १० पाहा.

५. बॉल दिसतोय, पण माझाच आहे का ते कळत नाही. उचलून पाहू का?

पाहा, पण आधी जागेवर खूण करा, म्हणजे टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) किंवा मार्कर लावा. ओळखण्यासाठी गरजेपुरतंच पुसा आणि परत तसाच ठेवा. खूण न करता उचललात किंवा चिखल सगळा पुसून काढलात तर एक स्ट्रोक. न उचलताही ओळख पटत होती आणि तरी उचललात, तरीही एक. बरोबरच्यांना सांगून उचलण्याची सक्ती २०१९पासून नाही. तरी सांगावं. दोन शब्दांनी संशय मिटतो.

मुख्य म्हणजे बॉलवर स्वतःची खूण करा. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन बॉल एकाच जागी सापडले आणि कुणाचा कोणता हे सांगता आलं नाही, तर दोघांचेही हरवले असं धरतात. दोन बॉल डोळ्यांसमोर असूनही! स्केचपेनच्या दोन ठिपक्यांनी हे टळतं.

६. दुसऱ्याचाच बॉल मारला. पुढे काय?

स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचा प्रकार) दोन स्ट्रोक दंड. तो चुकीचा फटका मोजायचा नाही, परत येऊन स्वतःचा बॉल खेळायचा. पुढच्या होलच्या टीवरून मारण्याआधी ही दुरुस्ती केली नाही तर स्पर्धेतून बाद. शेवटच्या होलवर असाल तर स्कोअरकार्ड देण्याआधी. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा प्रकार) सरळ होल गेलं.

७. बॉलच्या मागचं गवत क्लबने जरा दाबलं तर चालतं का? टीव्हीवर सगळेच प्रो दाबतात.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. बॉलच्या अगदी मागे किंवा अगदी पुढे क्लब हलकेच टेकवायची परवानगी आहे. ‘हलकेच’ म्हणजे क्लबचं वजन गवताने पेलायचं, तुमच्या हाताचा जोर त्यात नको. क्लबच्या वजनाने गवत खाली गेलं तर ते माफ.

हाताने दाबलं, तेच तेच थोपटलं, बॉलच्या मागे चार इंचांवर वुड (मोठ्या डोक्याचा क्लब) ठेवून पट्टी तयार केली आणि मग वेज (उंच फटक्याचा क्लब) काढला, तर ती लाय सुधारणं झालं. त्याला जनरल पेनल्टी: स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये होल. तुमचा हेतू काय होता हे बघत नाहीत, सुधारणा झाली का तेवढं बघतात. लाय, उभं राहायची जागा, स्विंगची जागा आणि बॉल जाणार ती रेषा, या सगळ्यांना हाच नियम.

पावलं घट्ट रोवून उभं राहता येतं. पण गवत मागे सारण्यासाठी पाय फिरवत, खुरडत उभं राहणं त्यात बसत नाही.

इथे कॅडीबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडचे कॅडी मदतीला तत्पर असतात, ‘साहेब, बघा, झालं’ म्हणत बॉलच्या मागचं गवत बुटाने बसवूनही टाकतात. कॅडीने केलेलं तुम्हीच केलं असं नियम धरतो. राउंड सुरू होण्याआधीच त्याला नीट सांगून ठेवा. नंतर त्याच्यावर ओरडून स्ट्रोक परत येत नाहीत.

वाकवलेलं गवत फटक्याआधी पूर्ववत केलं आणि फायदा पूर्ण नाहीसा झाला तर दंड टळतो. हे फांदीच्या बाबतीत जमतं. दाबलेलं ओलं गवत पुन्हा उभं राहिलेलं आम्ही पाहिलेलं नाही. तुटलेल्याला तर ही सवलतच नाही.

८. प्रॅक्टिस स्विंगमध्ये गवताचा गुच्छ उडाला. आणि खऱ्या बॅकस्विंगमध्ये उडाला तर?

दोन वेगळ्या गोष्टी. खऱ्या फटक्याच्या बॅकस्विंगमध्ये गवत तुटलं आणि तुम्ही तो फटका पूर्ण केलात तर दंड नाही. प्रॅक्टिस स्विंगमध्ये, त्याच जागी, तुमच्या स्विंगच्या आड येणारं गवत उडालं आणि वाट मोकळी झाली तर जनरल पेनल्टी. म्हणून प्रॅक्टिस स्विंग बॉलपासून चार पावलं लांब, तशाच गवतात करा. गवत क्लबला किती धरतं याचा अंदाजही तिथे तितकाच येतो.

९. बॉलभोवतीचं सुटं, कापलेलं गवत काढता येतं का?

येतं. कापलेलं गवत, वाळकी पानं, काटक्या, गांडुळं, मेलेला किडा, सगळं काढा. उगवलेलं असेल तर नाही, मग ते आडवं पडून वाळल्यासारखं दिसत असलं तरी नाही. शंका आली तर ओढून पाहू नका, मुळाशी आहे का ते नुसतं पाहा. काढताना बॉल हलला तर एक स्ट्रोक आणि बॉल परत जागी. खोल गवतात बॉल दोन काड्यांवर तरंगत असतो. त्यातली कुठली त्याला पेलतेय हे वरून कळत नाही, त्यामुळे आमचा सल्ला: फार मोह नको.

माळ्यांनी उचलून न्यायला म्हणून गवताचा ढीग केला असेल, तर तो ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्तीखालची जमीन). त्यातून फुकट ड्रॉप मिळतो, म्हणजे दंडाशिवाय बॉल बाहेर टाकून खेळता येतं.

१०. क्लब टेकवला आणि बॉल गवतात अर्धा इंच खाली बसला. हे ‘हलणं’ का?

हो. बॉल मूळ जागा सोडून वर, खाली किंवा आडवा गेला आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसलं, तर तो हलला. तुमच्यामुळेच हलला हे माहीत असेल किंवा जवळजवळ निश्चित असेल (नियमांच्या भाषेत किमान ९५ टक्के), तर एक स्ट्रोक आणि बॉल पूर्वीइतका वर आणून ठेवायचा. नुसता डुगडुगला आणि जागेवरच राहिला तर काही नाही. तुम्ही दोन हात लांब असताना वाऱ्याने किंवा स्वतःच्या वजनाने खाली बसला तरी दंड नाही, आहे तिथून खेळा. उंच गवतात बरेच अनुभवी खेळाडू क्लब टेकवतच नाहीत, त्याचं कारण हेच.

११. पावसाळ्यात बॉल रफमध्येच चिखलात रुतला. फुकट ड्रॉप मिळतो का?

मिळतो. २०१९च्या आधी मूळ नियमात ही सवलत फक्त बारीक कापलेल्या भागापुरती होती, आता ती पूर्ण जनरल एरियात आहे. क्लब लोकल रूलने ती पुन्हा फेअरवेपुरती करू शकतो, ते पाहून घ्या. रफमधल्या वाळूत रुतलेल्या बॉलला मात्र ती नाही.

अटी दोन: बॉल तुमच्या मागच्या फटक्याने स्वतःच पाडलेल्या खड्ड्यात असावा, आणि त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असावा. गवतात खोल बसणं म्हणजे रुतणं नव्हे. बोट घालून माती लागत नसेल तर तो नुसताच वाईट लायमध्ये आहे. नक्की कळत नसेल तर खूण करून उचलून पाहता येतं. तोवर पुसायचा नाही. रुतलेला नसेल तर परत तसाच.

यावरून मोठा गदारोळ झाला तो २०२१मध्ये अमेरिकेतल्या टोरी पाइन्स कोर्सवर, फार्मर्स इन्शुरन्स ओपनच्या तिसऱ्या राउंडमध्ये. दहाव्या होलवर अमेरिकन प्रो पॅट्रिक रीडने रफमधला बॉल उचलून रुतल्याचं सांगितलं, अधिकाऱ्यांनी ड्रॉप दिला. नंतर चित्रणात दिसलं की बॉल पडल्यावर एक टप्पा उसळला होता. उसळलेला बॉल रुतेल कसा, यावर लोक आठवडाभर भांडले. अधिकाऱ्यांनी नियमभंग झालेला नाही असं सांगितलं आणि रीड स्पर्धाही जिंकला. त्यातून घेण्यासारखं एवढंच की उचलण्याआधी बरोबरच्याला बोलवा. नियमाची सक्ती नाही, पण पाहणारा माणूस नंतर कामाला येतो.

ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, बॉलच्या लगेच मागच्या बिंदूपासून एका क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता. म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा रफमध्येच. सवलत चिखलातून आहे, गवतातून नाही.

१२. क्लबने ‘प्लेसिंग’ लावलंय. मग रफमध्येही उचलून ठेवू का?

नाही. प्लेसिंग म्हणजे प्रिफर्ड लायचा लोकल रूल. नेहमीच्या स्वरूपात तो फेअरवेच्या उंचीचं किंवा त्याहून बारीक गवत असलेल्या भागालाच लागू असतो.

१३. प्रोव्हिजनल कधी आणि कसा मारायचा?

प्रोव्हिजनल म्हणजे पहिला सापडला नाही तर वापरायचा राखीव बॉल. बॉल हरवला असेल किंवा बाउंड्रीबाहेर गेला असेल अशी शंका येताच, शक्यतो शोधायला निघण्याआधी. ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द उच्चारायचा, किंवा तसा अर्थ स्पष्ट होईल असं बोलायचं. ‘न सापडला तर असावा म्हणून एक मारून ठेवतो’ चालेल. नुसतं ‘दुसरा मारतो’ चालणार नाही. तो मग खराच तुमचा खेळातला बॉल होतो, टीवरून असेल तर तुमचा तिसरा फटका, आणि पहिला नंतर फेअरवेच्या कडेला हसत बसलेला सापडला तरी उपयोग नाही.

पहिला सापडला तर तोच खेळायचा, मग त्याची लाय कितीही भयानक असो. दोघांतला आवडता निवडता येत नाही. सापडला नाही तर प्रोव्हिजनल चालू होतो: पहिला फटका एक, दंड दोन, प्रोव्हिजनल तीन. पहिला पडला असेल तिथवर पोचेपर्यंत प्रोव्हिजनल पुन्हा पुन्हा मारता येतो. त्या जागेपेक्षा होलच्या जवळून तो मारला की पहिला त्या क्षणी हरवला.

बॉल पेनल्टी एरियातच गेलाय हे नक्की असेल तर प्रोव्हिजनल मारता येत नाही (प्रश्न १७).

१४. प्रोव्हिजनल अगदी ग्रीनवर पडलाय आणि पहिला कुठल्या तरी जंगलात. पहिला शोधायचाच नाही असं ठरवलं तर?

तुमच्यावर शोधायची सक्ती नाही. बाकीच्यांना ‘नका शोधू’ असंही म्हणता येतं. ‘माझा हरवला’ असं जाहीर करून मात्र बॉल हरवत नाही. मॅच प्लेमधला प्रतिस्पर्धी हौसेने शोधू शकतो. तीन मिनिटांच्या आत, आणि तुम्ही प्रोव्हिजनल पुढून मारण्याआधी, त्याने तुमचा बॉल शोधून काढला तर तुम्हाला मागे जावंच लागतं. पार-थ्रीवर (तीन फटक्यांच्या छोट्या होलवर) मग एकजण ग्रीनकडे लगबगीने निघतो आणि दुसरा गवतात वाकून. नियमात बसतं.

१५. प्रोव्हिजनल मारला नव्हता आणि बॉल सापडला नाही. टीवर परत जावंच लागेल?

मूळ नियमाने हो, एक स्ट्रोक आणि मागे. मात्र २०१९पासून क्लबांना एक पर्यायी लोकल रूल लावता येतो: बॉल हरवला असावा त्या जागेचा अंदाज घेऊन, तितक्याच अंतरावरच्या फेअरवेच्या कडेपर्यंत यायचं, दोन स्ट्रोक घ्यायचे आणि ड्रॉप करायचा. टीवरचा फटका हरवला असेल तर पुढचा तुमचा चौथा. प्रोव्हिजनल मारला असेल तर हा मार्ग बंद. हा रूल रविवारच्या गर्दीसाठी आहे, मोठ्या स्पर्धांसाठी नाही, आणि क्लबने लावला असेल तरच.

१६. बॉल सापडला, पण मारणं अशक्य आहे. अनप्लेएबल कोण ठरवतं आणि ड्रॉप कुठे?

फक्त तुम्ही ठरवता, कारण विचारायचा अधिकार कुणाला नाही. पेनल्टी एरिया सोडून कुठेही. एक स्ट्रोक देऊन तीन पर्याय:

पहिला, आधीचा फटका जिथून मारला तिथे परत. यासाठी बॉल सापडायचीही गरज नाही. बाकी दोन पर्यायांना बॉल सापडून ओळख पटलेली असावी लागते.

दुसरा, होल आणि बॉल यांना जोडणारी रेषा मागे नेऊन तिच्यावर हवं तितकं मागे जाऊन ड्रॉप.

तिसरा, बॉलपासून दोन क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता. पटर सोडून बॅगेतला सर्वांत लांब क्लब धरायचा. दोन ड्रायव्हर म्हणजे साधारण साडेसात फूट, आणि दाट रफमध्ये साडेसात फुटांनी काही बदलत नाही. ड्रॉप केलेला बॉल पुन्हा बुडाशी गेला तर आणखी एक स्ट्रोक देऊन तेच.

लोक सवयीने तिसरा घेतात. दुसरा विचारात घ्या. २०१७च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल बर्कडेलला शेवटच्या दिवशी तेराव्या होलवर अमेरिकन प्रो जॉर्डन स्पीथचा ड्राइव्ह उजवीकडे वाळूच्या टेकाडावरच्या गवतात गेला. त्याने रेषा मागे मागे नेली ती थेट प्रॅक्टिस रेंजवर, सामानाच्या ट्रकांपर्यंत. रेंज बाउंड्रीच्या आत होती, म्हणून ते चाललं. वीसेक मिनिटं गेली, पण बोगीवर (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त) सुटला, पुढच्या चार होल्सवर बर्डी (एक कमी), ईगल (दोन कमी), बर्डी, बर्डी केले आणि तीन स्ट्रोकने जिंकला. मागे गेल्याने पन्नास यार्ड जातात, पण सपाट जमिनीवरून पूर्ण स्विंग मिळतो.

१७. लाल खुंट्यांच्या आतल्या उंच गवतात बॉल गेला. अनप्लेएबल घेऊ?

नाही, पेनल्टी एरियात अनप्लेएबल नसतो. आहे तसा खेळा (२०१९पासून तिथे क्लब टेकवता येतो, सुटा कचराही काढता येतो) किंवा एक स्ट्रोक देऊन बाहेर या. बॉल सापडला नसेल तर तो आतच आहे हे माहीत किंवा जवळजवळ निश्चित हवं. खुंट्यांच्या बाहेरही तसंच गुडघाभर गवत असेल आणि कुणी पाहिलं नसेल, तर ‘आतच असणार’ म्हणून ड्रॉप घेता येत नाही. तो हरवलेला बॉल.

१८. बॉलजवळ साप दिसला तर?

आधी मागे या. विषारी साप, मधमाश्या यांसारख्या धोकादायक प्राण्यांमुळे खेळणं धोक्याचं असेल तर फुकट ड्रॉप मिळतो, आणि बॉल आणायला जायचीही गरज नाही, दुसरा बॉल घ्या. काटेरी झुडूप आणि खाजकुयली यांना ही सवलत नाही. वनस्पती कितीही छळो, नियमाच्या लेखी ती धोकादायक प्राणी नाही. साप असला तरी बॉल मुळातच खेळता न येण्यासारख्या झुडपात असेल तर फुकट काही नाही, प्रश्न १६ पाहा.

१९. दाट गवतात क्लब बॉलला दोनदा लागला. दोन फटके?

आता एकच, दंड नाही, बॉल थांबेल तिथून पुढे. हा बदलही २०१९चा. तैवानचा टी. सी. चेन यासाठी चौतीस वर्षं लवकर खेळला. १९८५च्या यूएस ओपनमध्ये, ओकलंड हिल्सला, शेवटच्या राउंडमध्ये चार स्ट्रोकने पुढे असताना पाचव्या होलवर ग्रीनशेजारच्या रफमधून त्याने चिप (छोटा फटका) मारली आणि क्लब बॉलला हवेत पुन्हा लागला. एक दंडाचा स्ट्रोक, होलवर आठ, आणि शेवटी अँडी नॉर्थ एका स्ट्रोकने जिंकला. मुद्दाम दोनदा मारणं मात्र आजही चालत नाही.

२०. प्रेक्षकांनी माझ्या बॉलमागचं गवत तुडवलं. फायदा घेऊ शकतो का? आणि उलट झालं तर?

तुम्ही किंवा तुमच्या कॅडीने केलेलं किंवा करवलेलं नसेल तर फायदा तुमचा. उलट झालं, म्हणजे दुसऱ्या कुणी गवत बॉलवर लोटून लाय बिघडवली, तर पूर्ववत करता येतं. सहज करता येत नसेल तर एका क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता, जवळची तशीच लाय शोधून तिथे बॉल ठेवायचा. ‘तशीच’ म्हणजे मूळ जितकी वाईट होती तितकी.

२१. टीवरचं गवत, बंकरमधलं गवत, यांना हेच नियम?

टीइंग एरियात नाही. तिथे बॉलमागचं गवत दाबा, उपटा, माती सपाट करा, चालतं. बंकरच्या आत उगवलेलं गवत बंकरचा भाग नसतो. बॉल त्यात असेल तर तो जनरल एरियात, आणि तिथे क्लब हलकेच टेकवता येतो. प्रश्न ७ मधली मर्यादा मात्र तिथेही आहे.